पटणारे आणि खरे

इंग्रजीतल्या 'स्पीशस' या शब्दाला मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न माझ्यापुढे पहिल्यांदा उभा राहिला तो एका निकालपत्राचा अनुवाद करताना. आपल्याकडच्या न्यायालयांच्या इंग्रजीत 'स्पीशस प्ली' हा प्रयोग नेहमी भेटतो. कोणीतरी मुदत उलटून गेल्यावर अपील दाखल करतो, उशिराचे कारण देतो, ते कारण ऐकायला अगदी रास्त वाटते, आणि न्यायाधीश लिहितात की अशा स्पीशस सबबीखाली मुदतीचा कायदा बाजूला ठेवता येणार नाही. मी त्या जागी 'खोट्या सबबीखाली' असे लिहून पुढे गेले होते. आमचे मसुदे तपासणाऱ्या ज्येष्ठ बाईंनी 'खोट्या' या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल केला आणि समासात एवढेच लिहिले, 'न्यायालयाने त्याला खोटारडा म्हटलेले नाही.'

मी निकालपत्र पुन्हा उघडले. बाईंचे म्हणणे बरोबर होते. अर्जदार आजारी होता हे न्यायालयाने मान्य केले होते, डॉक्टरांचा दाखलाही खरा धरला होता. अडचण इतकीच होती की आजारपण काही आठवड्यांचे होते आणि उशीर त्याच्या कितीतरी पट मोठा होता. मुदत अधिनियम, 1963 याच्या कलम 5 नुसार उशीर माफ करून घ्यायचा तर 'पुरेसे कारण' दाखवावे लागते. त्या माणसाचे कारण खरे होते, पण ते पुरत नव्हते. मी एका शब्दात त्याला खोटे बोलणारा ठरवून मोकळी झाले होते, आणि निकालपत्राच्या अनुवादात ही साधी चूक नव्हे, तो त्या माणसावर झालेला अन्याय आहे.

शब्दकोशांत 'स्पीशस'पुढे 'फसवा', 'दिखाऊ', 'वरवर खरा भासणारा' असे अर्थ मिळतात. 'फसवा' म्हटले की कोणीतरी फसवायला बसलेला आहे असे सूचित होते, आणि स्पीशस युक्तिवाद करणाऱ्याचा स्वतःचाच त्यावर पूर्ण विश्वास असू शकतो. 'दिखाऊ' या शब्दाला स्वस्तपणाचा वास आहे. दिखाऊ वस्तू जाणकाराला लांबूनच ओळखू येते, पण जे स्पीशस असते ते जाणकारालाही आवडते, किंबहुना त्यालाच अधिक आवडते, कारण त्यातली रेखीव मांडणी त्याच्या लक्षात येते. राहिला 'वरवर खरा भासणारा'. तो अर्थाला सर्वांत जवळचा आहे, परंतु त्यात देखणेपण नाही, आणि देखणेपण हाच या शब्दाचा गाभा आहे.

शेजारच्या शब्दांपासून तो वेगळा काढून पाहिला की हे लवकर ध्यानात येते. 'स्प्युरिअस' म्हणजे ज्याचे मूळच खोटे आहे ते. लॅटिनमध्ये 'स्पुरिउस' म्हणजे अनौरस. आपल्या औषधविषयक कायद्यात 'स्प्युरिअस ड्रग्ज' असा शब्द आहे, त्याला आपण बनावट औषधे म्हणतो आणि ते अचूक आहे, कारण तिथे लेबल एक आणि आतला माल दुसराच असतो. 'प्लॉझिबल' हा शब्द 'प्लाउदेरे' म्हणजे टाळ्या वाजवणे या क्रियापदावरून आला. आधी 'टाळ्या घेण्याजोगे' आणि मग 'पटण्याजोगे' असा त्याचा प्रवास झाला. पण प्लॉझिबल गोष्ट पुढे खरीही निघू शकते. स्पीशस म्हणणाऱ्याने तपास पुरा केलेला असतो. ही गोष्ट सुंदर आहे, मी ती तपासली आहे आणि ती टिकलेली नाही, अशी तीन विधाने तो एका विशेषणात करतो. म्हणून तो मत सांगणाऱ्याचा शब्द नाही, निकाल देणाऱ्याचा आहे. वादात समोरच्याला सहज 'तुझा मुद्दा स्पीशस आहे' असे ऐकवणाऱ्याने तो का टिकत नाही हेही लगेच सांगायला हवे, नाही तर त्या शब्दावर त्याचा अधिकार पोहोचत नाही, असे मला वाटते.

(एक अक्षर बदलले की 'स्पीशस'चा 'स्पेशस' होतो, म्हणजे प्रशस्त. घरांच्या जाहिरातींमुळे हा दुसरा शब्द आपल्या जास्त ओळखीचा आहे, आणि एका मसुद्यात त्यामुळे 'प्रशस्त सबब' असे उतरलेले मी पाहिले आहे. पण नमुन्याच्या सदनिकेत दारे काढून ठेवलेली असतात, पलंग नेहमीपेक्षा आखूड असतो, समोरची भिंत आरशाची असते, आणि तिथे उभे राहिले की हे दोन्ही शब्द एकाच खोलीत राहतात हे कळते. 2016 च्या रेरा कायद्याने, म्हणजे घरबांधणी व्यवसायाचे नियमन करणाऱ्या कायद्याने, चटई क्षेत्राची, म्हणजे प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या जागेची, व्याख्या करून निदान कागदावर तरी त्यांची फारकत केली.)

'स्पीशस'च्या पोटात मुळात दोष नव्हता. लॅटिनमध्ये 'स्पेकेरे' म्हणजे पाहणे, 'स्पेकिएस' म्हणजे दिसणे किंवा रूप, आणि 'स्पेकिओसुस' म्हणजे रूपवान. बायबलच्या लॅटिन भाषांतरातल्या एका स्तोत्रात राजाला उद्देशून, मनुष्यांच्या पुत्रांमध्ये तू रूपाने सर्वांहून सुंदर आहेस, असे म्हटले आहे, आणि तिथे हाच शब्द आहे. परंपरेने ती ओळ ख्रिस्ताला लावली गेली. इंग्रजीत हा शब्द 1400 च्या सुमारास आला तेव्हा तोही असाच, डोळ्यांना सुखावणारा, या अर्थाने आला. सतराव्या शतकात त्याचा अर्थ झुकत गेला आणि शेवटी 'सुंदर, पण' एवढाच उरला. त्यातले 'सुंदर' इतके पुसट झाले की आज अनेक इंग्रजी वाचकांनाही तो फक्त 'खोटा' या अर्थाचा जड शब्द वाटतो.

जुन्या निर्दोष अर्थाचा एक धागा मानसशास्त्रात शिल्लक आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने 1890 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात 'स्पीशस प्रेझेंट' ही संज्ञा दुसऱ्या एका लेखकाकडून घेऊन रूढ केली. आपल्याला जाणवणारा वर्तमानकाळ हा सुरीच्या धारेसारखा क्षण नसतो, त्याला बसायला जागा असते, थोडे मागचे आणि थोडे पुढचे त्यात सामावलेले असते, असे त्याचे म्हणणे होते. त्या भासमान वर्तमानावर जेम्स खोटेपणाचा आरोप करत नाही.

मला सर्वांत अधिक थांबवले ते या शब्दाच्या गोतावळ्याने. 'स्पेकेरे'च्या मागे भाषाशास्त्रज्ञ जो प्राचीन धातू मानतात, तोच संस्कृतात 'पश्य' आणि 'स्पश्' या रूपांनी आहे. आपला रोजचा 'स्पष्ट' हा शब्द त्यातूनच आलेला आहे. स्पष्ट म्हणजे मुळात 'पाहिलेले'. संस्कृतात 'स्पश' म्हणजे हेर, आणि इंग्रजी 'स्पाय' त्याचा भाऊबंद. ग्रीकमध्ये त्याच धातूतल्या अक्षरांची उलटापालट होऊन निरखून पाहण्याचे क्रियापद झाले आणि त्यावरून 'स्केप्टिक', म्हणजे सहजासहजी न पटवून घेणारा, हा शब्द निघाला. भुरळ घालणारे रूप, ते निरखणारा संशयी माणूस, आणि निरखून झाल्यावर उरणारी स्पष्टता ही एकाच घरातली मंडळी आहेत, आणि त्यांतला एक शब्द आपण दिवसातून दहा वेळा उच्चारतो.

देखणेपणावर असा डाग पडणे ही काही इंग्रजीची मक्तेदारी नाही. आपल्याकडे 'देखणा' अजून स्वच्छ आहे, पण त्याच धातूचा 'देखावा' दोन्ही घरचा पाहुणा झाला आहे. गणपतीत मंडळाचा देखावा बघायला आपण मुलांना खांद्यावर घेऊन जातो, आणि कोणी 'दुःखाचा देखावा केला' म्हटले की त्याच शब्दाने त्या माणसाला कायमचे बाद करतो. 'गोंडस' हा तान्ह्या बाळाचा शब्द, परंतु 'गोंडस नावाखाली' असे सुरू होणारे वाक्य वाचताच पुढे काहीतरी काळेबेरे येणार हे मराठी वाचकाला समजते. 'साळसूद' म्हणजे सरळ, सालस. आज मात्र कोणाला साळसूद म्हणा, तो चिडेल. स्पीशसला इंग्रजीत जी वाट चालायला शतके लागली, तीच वाट हे आपले शब्द आपल्या तोंडात चालत आहेत.

मसुद्यासाठी मी 'सकृतदर्शनी' हाही शब्द लावून पाहिला. सकृत् म्हणजे एकदा. एकवार पाहता जे दिसते ते. पण न्यायालयात या शब्दाला दोष नाही. सकृतदर्शनी पुरावा आहे म्हणजे प्रकरण पुढे चालवण्यापुरता पुरावा आहे. तो पहिल्या नजरेचा आदर करणारा शब्द आहे, आणि मला पहिल्या नजरेवर दुसरीने दिलेला निकाल हवा होता.

तो मसुदा टेबलावर असतानाच 2023 मध्ये मी मामांकडे गेले. माझे मामा गावाकडच्या शाळेत तीस वर्षे गणित शिकवत होते. निवृत्तीनंतर हाती आलेल्या रकमेतले पाच लाख रुपये त्यांनी 2013 मध्ये एका योजनेत गुंतवले होते, ती मुदत त्या महिन्यात संपली होती, आणि ठरल्याप्रमाणे पूर्ण दहा लाख रुपये त्यांच्या खात्यात जमा झाले होते. मी अभिनंदन करायला म्हणून गेले. त्यांनी काही न बोलता कपाटातून एक गुळगुळीत माहितीपत्रक आणि पाठकोऱ्या कागदावर केलेला हिशेब माझ्यापुढे ठेवला.

माहितीपत्रकावर निळ्या अक्षरांत लिहिले होते: '10 वर्षांत दामदुप्पट, म्हणजेच दरसाल 10 टक्के.' खाली दोन स्तंभ होते. एक करड्या रंगाचा, त्यावर 'बँकेची मुदत ठेव 8.5 टक्के', आणि दुसरा त्याच्या चौपट उंच, सोनेरी, त्यावर 'आमची योजना 10 टक्के'. साडेआठच्या चौपट दहा कसे होतील, असा प्रश्न मला पडला, तेव्हा मामांनी बोटाने डावीकडची बारीक रेघ दाखवली. मोजपट्टी शून्यापासून सुरू होतच नव्हती, ती 8 पासून सुरू होत होती. त्यामुळे बँकेच्या वाट्याला अर्धा टक्का उंची आली होती आणि योजनेच्या वाट्याला दोन टक्के. सगळे आकडे बरोबर होते, पट्टीवरही छापलेले होते.

मग मी हिशेबाचा कागद पाहिला. शंभराचे दोनशे झाले, शंभर वाढले, त्याला दहा वर्षांनी भागले, दरसाल दहा. यात चूक काहीच नाही, पण हे सरळव्याज झाले. बँकेचे साडेआठ टक्के चक्रवाढीने वाढतात. मामांनी शाळेतल्या फळ्यावर लिहावे तसे सूत्र मांडून ते सोडवले होते: पाच लाख, साडेआठ टक्के, दहा वर्षे, वर्षाला एकदा चक्रवाढ धरून अकरा लाख तीस हजार. आणि दहा वर्षांत दुप्पट व्हायला चक्रवाढीचा दर किती लागतो, तर 7.18 टक्के. ज्याला सोनेरी रंग दिला होता तो स्तंभ खरे तर बुटका होता. कर वगैरे मी इथे धरलेले नाहीत, मामांनीही धरले नव्हते; त्यांना एवढाच एक फरक पुन्हा पुन्हा पाहायचा होता. तो एक लाख तीस हजारांचा होता.

"मामा, तुम्ही तर आयुष्यभर हेच शिकवलंत," असे माझ्या तोंडून निघून गेले, आणि निघाल्याबरोबर मला वाईट वाटले.

ते म्हणाले, "अगं, तो मुलगा एक शब्दही खोटा बोलला नव्हता. खोटं बोलला असता तर मी पकडलं असतं."

मी त्यांच्या त्या वाक्यावर फार विचार केला आहे. गणिताच्या शिक्षकाचे कान खोट्या आकड्यासाठी तयार असतात. तिथे खोटा आकडा आलाच नाही. दोन खरी वाक्ये 'म्हणजेच' या एका शब्दाने जोडून आली, आणि ती जोडणी इतकी नेटकी होती की तिच्याखाली काय आहे हे उचलून पाहावे असे वाटले नाही. त्यात मामांचा कमीपणा मला दिसत नाही. नेटकेपणावर विश्वास ठेवायला त्यांनी स्वतःच्या पेशात शिकलेले होते. गणितात नीट सुटलेले उदाहरण बहुधा बरोबरच असते.

आपल्या न्यायशास्त्राने, म्हणजे कायद्याच्या नव्हे तर तर्काच्या प्राचीन शास्त्राने, ही जोडणी उकलण्याचे काम फार बारकाईने केलेले आहे. त्यातला 'हेत्वाभास' हा शब्द मला स्पीशसच्या फार जवळचा वाटतो: हेतूसारखा, म्हणजे अनुमानाच्या कारणासारखा, भासणारा, पण हेतू नसलेला. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे, हे अनुमान सर्वांना माहीत असते. तेच उलटे करून पाहा. पर्वतावर अग्नी आहे, म्हणून तिथे धूर आहे. कानाला दोन्ही वाक्ये सारखीच गोड लागतात. पण लोहाराच्या भट्टीतून काढलेला लाल लोखंडाचा गोळा घ्या, त्यात अग्नी आहे आणि धूर नाही. धूर अग्नीमुळे निघतो तो लाकूड ओले असेल तर. ही जी न सांगितलेली अट, तिला नैयायिक 'उपाधी' म्हणतात. मामांच्या माहितीपत्रकातले ओले लाकूड म्हणजे सरळव्याज. निकालपत्रातले ओले लाकूड म्हणजे आजारपणाची मुदत. दोन्हीकडे सांगितलेले सारे खरे होते आणि जे सांगितले नाही त्यावर निष्कर्ष उभा होता.

हेत्वाभासात चूक अशी नेमकी सापडते, पण पुन्हा सौंदर्य निसटते. ते मिळाले काव्यात. भारवीच्या किरातार्जुनीय या संस्कृत महाकाव्यात, अकराव्या सर्गात, 'आपातरम्या विषयाः पर्यन्तपरितापिनः' अशी ओळ आहे. विषय, म्हणजे भोग, हे प्रथम भेटीत रम्य असतात आणि शेवटी ताप देणारे. 'आपात' म्हणजे समोर येऊन पडणे, पहिली गाठ. या 'आपातरम्य'चाच 'आपातरमणीय' झाला आणि तो जुन्या वळणाच्या मराठी गद्यात अधूनमधून दिसतो. पहिली नजर, तिची मोहिनी, आणि पुढे येणारा अपेक्षाभंग, तिन्ही त्यात आहेत. हा शब्द सापडला त्या संध्याकाळी मी मसुद्यात तो लिहूनही टाकला.

ती ओळ तिथे कोण म्हणतो हे पाहिल्यावर मला ती अधिकच आवडू लागली. अर्जुन शस्त्रांसाठी तप करतो आहे. त्याच्याकडे एक वृद्ध मुनी येतो आणि सांगतो की तारुण्याची शोभा शरदातल्या ढगाच्या सावलीसारखी सरकून जाणारी आहे, भोग आपातरम्य आहेत, तेव्हा धनुष्य खाली ठेव आणि मोक्षाचा मार्ग धर. या उपदेशातले प्रत्येक वाक्य आपण मान डोलावून स्वीकारू असे आहे. पण तो मुनी मुनी नाही, वेषांतर करून परीक्षा घ्यायला आलेला इंद्र आहे. आपातरम्यतेपासून सावध करणारे बोलणेच आपातरम्य आहे. अर्जुन त्यावर चिडत नाही, बोलणाऱ्याला ढोंगी म्हणत नाही. तो आधी त्या भाषणाची मनापासून स्तुती करतो, आणि मग सांगतो की माझ्या या कामामागचे कारण आपल्याला ठाऊक नाही. द्रौपदीचा अपमान, थोरल्या भावाची आज्ञा, क्षत्रियाचे कर्तव्य हे सारे तो मांडतो. उपदेश खरा असेल, पण माझ्या बाबतीत तो लागू होत नाही, असे त्याचे उत्तर आहे. मग इंद्र आपले खरे रूप प्रकट करतो. देखण्या युक्तिवादाला कसे उत्तर द्यावे याचा याहून सुंदर नमुना मला ठाऊक नाही.

याच काव्याच्या आरंभी ब्रह्मचाऱ्याच्या वेषात फिरून आलेला वनेचर, म्हणजे वनात राहणारा, हेर युधिष्ठिराला दुर्योधनाच्या राज्यकारभाराची बातमी देतो, आणि ती देण्याआधी म्हणतो, 'हितं मनोहारि च दुर्लभं वचः', हिताचे आणि मनाला आवडणारे असे बोलणे दुर्मीळ असते. ही ओळ आपण शाळेत सुभाषित म्हणून पाठ केलेली असते. ज्याचे कामच पाहणे आहे असा माणूस, एक 'स्पश', ती उच्चारतो हे मला मोठेपणी कळले.

'आपातरमणीय' शब्दाचा मसुदा मी मोठ्या आनंदाने बाईंकडे पाठवला. तो परत आला. शब्दाखाली रेघ होती, आणि समासात लिहिले होते, 'शब्द सुंदर आहे. पण हे निकालपत्र त्या अर्जदाराने वाचायचे आहे.'

दोन दिवसांनी मी ते वाक्य पुन्हा लिहिले: 'अर्जदाराने दिलेले कारण वरकरणी पटण्याजोगे असले, तरी ते संपूर्ण विलंबाला पुरत नाही, आणि अशा कारणाखाली मुदतीचा कायदा बाजूला ठेवता येणार नाही.' त्यात 'स्पीशस'साठी एक असा शब्द कुठेच नाही. या वेळी बाईंनी समासात काही लिहिले नाही.